विश्लेषण : आडनावावरून देवक ओळखता येते का? लग्नाआधी ते शोधायचे कसे?

लग्नाची तारीख ठरते, पत्रिका वाटून होतात आणि देवक बसवायची वेळ आली की घरात प्रश्न निघतो, 'आपले देवक कोणते?' शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावसारख्या गावात भावकीतील एखादी आजी याचे उत्तर देऊ शकते. शहरातील फ्लॅटमध्ये मात्र मोबाइल हातात घेऊन आडनाव टाइप केले जाते. समोर येणारी यादी खरी असेलच असे नाही. का, ते पाहू.

देवक म्हणजे काय?

देवक हे कुळाचे चिन्ह. झाड, वेल, फूल, पक्ष्याचे पीस किंवा शस्त्र असे काहीही देवक असू शकते. मराठा, कुणबी, धनगर, कोळी अशा अनेक समाजांत ही प्रथा आहे. लग्नाआधी घरातील एक जोडपे वाजतगाजत देवक आणते. त्याची पूजा होते आणि ते मांडवात बसवले जाते. आपल्या देवकाचे झाड तोडायचे नाही, असा दंडक काही घरांत पूर्वापार पाळला जातो.

कुलदैवत आणि देवक एकच का?

नाही. जेजुरीचा खंडोबा पुणे जिल्ह्यातील असंख्य घरांचे कुलदैवत आहे, पण त्या सर्वांचे देवक एक नाही. कुलदैवत एक असलेल्या दोन घरांत सोयरीक होते. देवक एक असेल तर परंपरेने ती टाळली जाते, कारण समान देवक म्हणजे एकच कूळ, म्हणजे भाऊबंद, असे मानले जाते. म्हणूनच चुकीचे देवक सांगितले गेले, तर जुळत आलेली सोयरीक विनाकारण मोडू शकते.

कोणत्या आडनावाला कोणते देवक?

प्रचलित याद्यांत मोरे यांचे मोरपीस, कदम यांचे कळंब, साळुंखे यांचे साळुंकीचे पीस, तर पवार यांचे तलवारीची धार असे देवक दिलेले असते. पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या, हे अनेक कुळांत आढळते. त्यातील झाडेही सगळीकडे सारखी नसतात. ब्रिटिश अधिकारी आर. ई. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ दरम्यान प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरील तीन खंडांत अशा देवकांची नोंद केली आहे.

मग नुसते आडनाव पुरेसे का नाही?

पहिले कारण, अनेक आडनावे हुद्द्यावरून आली. इनामगावच्या नावात 'इनाम' आहे. त्याच शब्दावरून इनामदार हे आडनाव आले. पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावे कूळ सांगत नाहीत. दोन पाटील वेगवेगळ्या कुळांतले असू शकतात. दुसरे, 'कर' लागणारी आडनावे बहुधा गावावरून पडली. तिसरे, पवार, जाधव, मोरे ही आडनावे अनेक समाजांत आहेत आणि प्रत्येक ठिकाणी देवक तेच असेल असे नाही.

स्कॉटलंडमध्येही हाच पेच?

होय. तिथे आडनावानुसार 'टार्टन' म्हणजे चौकड्यांचे कापड शोधले जाते. पण प्रत्येक घराण्याचे ठरलेले टार्टन ही कल्पना प्रामुख्याने १९व्या शतकात रुजली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा लेखक वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या सोहळ्यातून टार्टनची लाट आली. १८४२ मध्ये घराण्यांच्या टार्टनचे एक 'प्राचीन' पुस्तक छापले गेले. ते पुढे बनावट ठरले, तरी त्यातील काही नमुने आजही वापरात आहेत. २००८ च्या कायद्याने तिथे टार्टनची अधिकृत नोंदवही सुरू झाली. देवकाची अशी सरकारी नोंदवही नाही. त्याची नोंद राहते ती घरच्यांच्या आठवणीत.

कायदा काय सांगतो?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नात्यातील लग्नाला मनाई आहे. वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या मोजल्या जातात. देवकाचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे देवक जुळते म्हणून लग्न कायद्याने अडत नाही. ते पाळायचे की नाही, हा त्या घरांचा निर्णय आहे.

देवक शोधायचे कसे?

- आधी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारा. 'देवक कोणते' हे आठवत नसेल, तर 'तुमच्या लग्नात मांडवात काय बांधले होते' असे विचारून पाहा.
- लग्न होऊन सासरी गेलेल्या आत्यांना विसरू नका. माहेरचे देवक त्यांना अनेकदा पाठ असते.
- मूळ गावच्या भावकीत फोन करा. चुलत घरांच्या लग्नांचे जुने अल्बम आणि व्हिडीओ पाहा.
- गाव माहीत नसेल, तर जुन्या महसुली नोंदी व जन्म-मृत्यूच्या नोंदींतून ते सापडू शकते. देवक मात्र गावात गेल्यावरच कळेल.
- दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजातील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी राखतात. त्यांच्या चोपड्यांतून कुळाचा माग लागतो.
- दोन नातेवाइकांची उत्तरे जुळली, तरच ते पक्के धरा. आडनावांची यादी शेवटी पाहा.

उत्तर मिळाले की देवक, कुलदैवत आणि मूळ गाव या तीन गोष्टी लिहून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पुढच्या लग्नाच्या वेळी आजी असेलच असे नाही.