बुडालेले भाडे आणि वाचणारे प्राण

२६ जानेवारी हा ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिन. तेथे तो ऐन उन्हाळ्यात येतो. जोडून सुट्ट्या आल्या की शहरे रानाकडे आणि समुद्राकडे धावतात. २००९ साली त्याच दिवशी सुरू झालेल्या आठवड्यात व्हिक्टोरिया राज्यात उष्णतेची लाट आली आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा ३७४ माणसे अधिक दगावली. त्यांत वृद्धांचाच भरणा होता. पुढे ७ फेब्रुवारीला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला व वणव्यांनी १७३ बळी घेतले. वणव्याचे बळी जगाच्या स्मरणात राहिले. उन्हाचे बळी मात्र विस्मृतीत गेले.

आज तेथे आगीच्या धोक्याच्या चार श्रेणी जाहीर होतात. सर्वोच्च श्रेणीच्या दिवशी व्हिक्टोरियातील सल्ला स्पष्ट असतो: आदल्या रात्री किंवा पहाटेच वणव्याच्या टापूतून निघा. धूर दिसेपर्यंत थांबणाऱ्याला वाट सापडेलच असे नाही. तरीही माणूस रेंगाळतो, कारण निवासाचे भाडे आधीच भरलेले असते. अर्थशास्त्र सांगते की, जो खर्च परत मिळणार नाही तो पुढील निर्णयाच्या हिशेबात धरू नये. भाडे थांबले तरी गेले, निघाले तरी गेले. प्रश्न उरतो तो केवळ प्राणांचा. अशा दिवशी भाडे परत देण्याची सक्ती केली, तर इशारा अधिक ऐकला जाईल.

उन्हाच्या लाटेत मात्र पळून जाण्याचा मार्ग सर्वांनाच खुला नसतो. सहल रद्द करून घरी राहिलेल्याने शेजारच्या एकट्या वृद्धाचे दार दिवसातून दोनदा ठोठवावे. त्याला काहीच खर्च येत नाही.