घर पाहावे बांधून (९) : अर्धी भिंत

साठ दिवसांची मुदत आणि ती उलटल्यावर मिळणारी मानीव परवानगी, हे प्रकरण या लेखांकात घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी पुण्याच्या नारायण पेठेतील एका वाचकांचे असे पत्र हाती आले की, त्याला दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणे मला जमेना. मानीव परवानगी कोठे पळून जात नाही. या सद्‍गृहस्थांची भिंत मात्र पावसाळ्याची वाट पाहत उभी आहे.

पत्रलेखक एका जुन्या दुमजली घराचे मालक आहेत. दगडी जोते, त्यावर पातळ विटांच्या व वरच्या अंगाला मातीच्या भिंती, आत लाकडी खांब व तुळया, माडीला कडीपाट आणि वर मंगलोरी कौले, असा एकंदर थाट. रस्त्याकडील भिंतीला पोट सुटले आहे, कौले गळतात, मागल्या मोरीची भिंत ओलीने खाल्ली आहे, आणि दोन खोल्यांत जुने भाडेकरू आहेत. ते विचारतात : ‘हे सर्व मी दुरुस्ती म्हणून केले, तर परवानगीची यातायात टळेल काय? आणि भिंतीला हात लावतोच आहे, तर कौलांच्या जागी स्लॅब टाकली, तर तीही दुरुस्तीच ना?’

थोडा खर्च म्हणजे दुरुस्ती आणि मोठा खर्च म्हणजे बांधकाम, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की, सुशिक्षित मनुष्यही नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पहिल्या प्रथम खर्चाचा अंदाज सांगू लागतो. कायद्याला खर्चाशी काही कर्तव्य नाही. दिवाणखान्यात आपण मकराण्याचा संगमरवर अंथरला आणि त्यात एका लहान घराची किंमत ओतली, तरी ते काम घराच्या आतले आहे; १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ नेच, केवळ अंतर्भागाला स्पर्श करणारी किंवा इमारतीच्या बाह्य स्वरूपात विशेष फरक न करणारी देखभाल-सुधारणेची कामे परवानगीच्या बंधनातून सोडली आहेत. याउलट, जुन्या विटाच पुन्हा वापरून, घरच्याच गवंड्याकडून, अगदी काटकसरीने एखादी भिंत उतरवून चढवली, तर खर्च नगण्य असूनही नोटिशीचा प्रश्न उभा राहतो.

तो कोणत्या मापाने उभा राहतो, हे पाहण्यासाठी १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाकडे गेले पाहिजे. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या कायदेपंडितांनी ज्याच्या घडणीत भाग घेतला, त्या या अधिनियमाचे मूळ कलम ३४२ मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी त्याच्या व्यवहारज्ञानाचे मला कौतुक वाटले आहे. बाहेरची भिंत, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत किंवा छपराचा भार घेणारी भिंत, यांपैकी कोणत्याही भिंतीचा जोत्यावरील निम्म्याहून अधिक भाग काढावयाचा वा पुन्हा उभारावयाचा असेल, तर आधी आयुक्तांना नोटीस दिली पाहिजे, असे ते सांगे. आणि हे निम्मे चौरस फुटांत मोजावयाचे. घर लाकडी सांगाड्याचे असेल, तर भिंतीबरोबर खांबही मोजावयाचे, आणि अशा भिंतीतील निम्म्याहून अधिक खांब बदलावयाचे झाल्यास तीच नोटीस. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने (पुण्याची महानगरपालिका १९५० साली याच अधिनियमाखाली अस्तित्वात आली) हे अर्ध्या भिंतीचे माप जवळजवळ जसेच्या तसे उचलले. ज्यांच्या डोळ्यांपुढे चाळी, वाडे आणि लाकडी माड्या होत्या, त्यांनी केलेला हा कायदा आहे. म्हणून त्यात खांब मोजण्याची तजवीज आहे.

आता निम्मेच का, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर भिंतीत नसून भिंतीपुढच्या रस्त्यात आहे. जुन्या पेठांतील बहुतेक घरे रस्त्याला खेटून उभी आहेत. शहराच्या नकाशावर मात्र त्याच रस्त्याची नियमित रेषा कित्येक ठिकाणी घराच्या ओसरीतून, क्वचित माजघरातून गेलेली असते. उभे घर पाडून रस्ता रुंद करण्याचे सामर्थ्य आणि तेवढा पैसा कोणत्याच नगरपालिकेपाशी नसतो. म्हणून कायद्याने धीराचा मार्ग पत्करला. घर आपण होऊन जीर्ण होऊ द्यावे, आणि मालक ते नव्याने बांधावयास निघाला की, मोबदला देऊन त्याला रेषेमागे घ्यावे. मुंबईच्या अधिनियमाचे कलम २९८ हेच सांगते : इमारत पुन्हा बांधावयाची असेल, किंवा जमिनीवरील निम्म्याहून अधिक उतरवावयाची असेल, तर आयुक्त ती मागे घेण्यास फर्मावू शकतात, इतकेच नव्हे, रेषेच्या आत आलेला भाग काढून पुन्हा बांधावयाचा झाला, तरीही ही मागणी होऊ शकते. येथे मात्र इमारतीचे निम्मे घनफुटांत मोजावयाचे आहे. भिंतीचे चौरस फुटांत आणि इमारतीचे घनफुटांत, हा भेद प्रथम वाचताना कारकुनी वाटतो; पण भिंत पृष्ठभागाने जाते आणि घर आकारमानाने जाते, हे ज्याने एकदा घर उतरताना पाहिले आहे, त्याला तो पटतो.

दुरुस्तीच्या नावाचा मालकांना एवढा मोह का, हेही यावरून कळून येईल. दुरुस्ती केली तर घर जुन्या जागेवर, जुन्या उंचीवर, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून तसेच राहते. नवे बांधावयाचे म्हटले की, रस्तारुंदी आली, सामासिक अंतरे आली, चटई क्षेत्राचा हिशेब आला. आणि दोन गुंठ्यांहून कमी मिळकतीत या सर्वांना जागा दिल्यावर घराला किती उरेल, याचा विचार करून मालक रात्र रात्र जागतो.

या मोहातून निघालेली एक युक्ती पेठांत फार जुनी आहे. एका मालकांनी रस्त्याकडील भिंतीचा डावा अर्धा भाग उन्हाळ्यात उतरवून पक्क्या विटांत बांधला, आणि पावसाळा संपताच उजवा. दोन्ही वेळा निम्म्याहून कमी काम झाले, तेव्हा नोटिशीचे कारणच नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. निरीक्षक आले. वरून गुळगुळीत गिलावा झालेला होता. त्यांनी वाद घातला नाही, फक्त भिंतीच्या मध्यावर बोट ठेवून ते जोत्यापासून वळचणीपर्यंत वर नेत गेले. तेथे केसाएवढी एक उभी भेग होती. पहिला अर्धा भाग बांधताना कडेला एकाआड एक थराची वीट बाहेर राखली, तरच पुढचे काम त्यात गुंतते. गवंड्याने ती कड सरळ सोडली होती, आणि दोन अर्ध्या भिंती एकमेकींशी अबोला धरल्याप्रमाणे शेजारी शेजारी उभ्या होत्या. कचेरीने दोन्ही कामे एकच धरली, हे तर झालेच; पण मला त्या प्रकरणात अधिक महत्त्वाची वाटते ती भेग. कायद्याला चुकवण्यासाठी तुकड्यातुकड्याने केलेले काम बांधकामाच्या दृष्टीनेही तुकड्याचेच होते, आणि भूकंपाच्या पहिल्या धक्क्याला अशी भिंत कोठे उघडेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

तेव्हा नारायण पेठेतील वाचकांनी गवंड्याला बोलावण्यापूर्वी आपली भिंत रस्त्याच्या नियमित रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, याची महानगरपालिकेच्या कचेरीतून खातरजमा करून घ्यावी. रेषेच्या मागे असेल, तर अर्ध्याचा हिशेब लागू. रेषेत असेल, तर निम्म्याहून कमी कामातही मागे सरण्याचा प्रश्न येऊ शकतो, हे गृहीत धरून चालावे.

मोरीची आणि कौलांची गोष्ट सोपी आहे. मुंबईच्या कलम ३४२ ला पुढे जोडलेल्या स्पष्टीकरणात, नोटिशीवाचून करता येणारी कामे मोजून दिली आहेत : गिलावा, रंग, दरजा भरणे, फरशी बदलणे, संडास-मोऱ्यांची दुरुस्ती, नळ व सांडपाण्याचे पाइप बदलणे, आणि छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने पुन्हा घालणे. लगेच पुढे, काय चालणार नाही हेही सांगितले आहे : लांबी, रुंदी वा उंची बदलणे, भार घेणारे भाग काढणे वा बदलणे, जोते किंवा जमीन खाली नेणे, पोटमाळा घालणे वा वाढवणे, आणि उतरते छप्पर सपाट करणे किंवा वेगळ्या साहित्याने घालणे. पुण्यासह राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही गिलावा, रंग, फरशी, छपराची पुन्हा शाकारणी यांसारख्या कामांना परवानगी लागत नाही. मात्र इमारतीचे स्थैर्य आणि अग्निसुरक्षा यांना बाध येता कामा नये. घर वारसा यादीत असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे रंगापूर्वीही विचारावे. म्हणजे मोरी आहे त्या जागी खुशाल नवी करावी, कौले उतरवून फुटकी बदलावी, कुजलेले वासे व रिपा नव्या घालाव्या.

स्लॅब मात्र कोणत्याही अर्थाने दुरुस्ती नव्हे, आणि येथे मी कायदा क्षणभर बाजूला ठेवून वजनाचे बोलतो. मंगलोरी कौलांचे छप्पर, वाशा-रिपांसकट, चौरस मीटरला अदमासे ६५ किलो भरते. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर जाते, आणि त्यावर जलरोधक थर वेगळाच. २० चौरस मीटरच्या खोलीवर आज सव्वा टनाच्या आसपास भार आहे, तेथे सहा टनांहून अधिक येणार. आणि तो घेणार कोण, तर पोट सुटलेली मातीची भिंत!

छपराच्या वजनाने काय होते, हे या महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरातील भूकंपात पाहिले आहे. तेथील माळवदाच्या घरांना गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी वर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत. प्रत्येक वर्षीची ती कृती निखालस डागडुजी होती; कोणत्याही कचेरीने तिला बांधकाम म्हटले नसते. पण थरावर थर चढत जाऊन एक फूट माती झाली की, चौरस मीटरला पाचशे किलो डोक्यावर येतात, आणि जुन्या घरांत ती फुटाहूनही जाड असे. खाली चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती. त्या ढासळल्या आणि सारा भार माणसांवर आला. ज्या घरांत माळवद लाकडी खणांवर, स्वतंत्र खांबांवर तोललेले होते, त्यांतील कित्येकांच्या भिंती पडूनही छप्पर उभे राहिले. अर्ध्या भिंतीच्या कायद्यात मला एकच उणीव दिसते ती ही : तो रस्त्याची काळजी वाहतो, काय काढले ते मोजतो, पण वर्षानुवर्षे हळूहळू काय चढवले, याची विचारपूस तो सहसा करीत नाही. ती मालकानेच केली पाहिजे.

भाडेकरूंविषयी एक खुलासा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे जागा सुस्थितीत राखणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. पण हा हक्क मालकाविरुद्धचा आहे. महानगरपालिकेपुढे तो परवानगीची जागा घेत नाही.

राहिला पुराव्याचा प्रश्न, आणि बहुतेक मालक नेमके येथेच फसतात. निम्म्याहून कमी भिंत काढली, हे सांगण्याची पाळी येते तेव्हा जुनी भिंत जागेवर नसते. म्हणून पहिली वीट निघण्यापूर्वी परवानाधारक अभियंत्याकडून आहे त्या स्थितीचा मोजमापांसह नकाशा करून घ्यावा, काढावयाचा भाग त्यावर वेगळ्या रंगाने दाखवावा, चारही बाजूंची तारखेसह छायाचित्रे ठेवावी, मिळकत पत्रिकेची ताजी नक्कल काढावी, आणि हे सर्व एका पत्रासोबत कचेरीच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी. कायदा अशी पोच मागत नाही. तरीही घ्यावी, कारण शेजाऱ्याचा तक्रारअर्ज बहुधा काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, आणि त्या अर्जाला मात्र आवक क्रमांक न चुकता पडलेला असतो.