एका सीडीत किती ज्ञानेश्वऱ्या मावतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासा. प्रवरा नदीकाठच्या या गावात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले, असं परंपरा सांगते. ज्याला टेकून ती सांगितली असं मानतात, तो 'पैस' खांब आजही तिथल्या मंदिरात पाहायला मिळतो.

छापखाना येईपर्यंत ही पोथी हाताने उतरवून घेतली जायची. आता प्रश्न असा, की तोच ग्रंथ एका सीडीवर ठेवायचा म्हटलं तर किती जागा लागेल? आणि उरलेल्या जागेत आणखी किती मावेल? गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराचंच आहे.

आधी सीडीची जागा मोजू

सीडीवर एक सलग रेघ असते. मधून सुरू होऊन ती गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते. उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. या रेघेवरच्या बारीक खुणा लेझर वाचतो.

८० मिनिटांच्या सीडीत प्रत्येक सेकंदाला ७५ कप्पे असतात. म्हणजे ८० × ६० × ७५ = ३ लाख ६० हजार कप्पे. एका कप्प्यात २,३५२ बाइट असतात, पण आपली माहिती ठेवायला मिळतात २,०४८. बाकीची जागा बहुतेक चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. म्हणून लहानसा चरा पडला तरी फाइल सहसा उघडते.

एकूण जागा झाली सुमारे ७३ कोटी ७० लाख बाइट. सीडीवर '७०० एमबी' लिहिलेलं असतं, ते हेच.

आता ज्ञानेश्वरीचं वजन

इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. मराठीचं तसं नाही. आज मोबाइलवर आणि इंटरनेटवर मराठी युनिकोडमध्ये लिहिली जाते. त्यातली रोजच्या वापराची यूटीएफ-८ पद्धत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट देते. आणि चिन्ह म्हणजे फक्त अक्षर नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात.

'ज्ञानेश्वरी' हाच शब्द घ्या. डोळ्याला दिसतात ४ अक्षरं. कॉम्प्युटर मोजतो ११ चिन्हं. जागा लागते ३३ बाइट.

प्रचलित प्रतींमध्ये ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९ हजार ओव्या आहेत. एका ओवीत दंड धरून साधारण ६० चिन्हं आणि १० मोकळ्या जागा धरू. चिन्हांचे १८० आणि मोकळ्या जागांचे १० मिळून १९० बाइट. हिशोबाला सोपं म्हणून २०० धरले, तर ९,००० × २०० = १८ लाख बाइट. म्हणजे दोन एमबीसुद्धा नाही!

७३ कोटी ७० लाखांना १८ लाखांनी भागलं की उत्तर येतं सुमारे ४००. एका सीडीत चारशे ज्ञानेश्वऱ्या.

डीव्हीडीत ४७० कोटी बाइट मावतात, म्हणजे सुमारे २,६०० ज्ञानेश्वऱ्या. एकपदरी ब्लू-रे डिस्कमध्ये २,५०० कोटी, म्हणजे १३ हजारांहून जास्त. तिन्ही डिस्कचा आकार तोच, १२ सेंटीमीटर. फरक एवढाच, की लेझर जितका बारीक तितक्या खुणा लहान आणि रेघा जवळजवळ.

मग फोटो काढल्यावर सीडी लगेच का भरते?

कारण फोटोत अक्षरं नसतात, रंगाचे ठिपके असतात. समजा छापील ग्रंथ ७०० पानांचा आहे आणि स्कॅन केलेलं एक पान १ एमबीचं होतं. ७०० पानांचे ७०० एमबी. सीडी भरली, ग्रंथ एकच.

आवाजाचं तर याहून पुढचं. एक ओवी सावकाश म्हणायला १० सेकंद धरले, तर ९ हजार ओव्यांना २५ तास लागतील. ८० मिनिटांच्या साध्या ऑडिओ सीडी लागतील १९.

म्हणजे मजकूर असेल तर एका सीडीत चारशे ग्रंथ, फोटो असतील तर एक आणि आवाज असेल तर एका ग्रंथाला एकोणीस सीड्या. 'किती मावेल' हे डिस्कपेक्षा आपण काय साठवतो यावर जास्त ठरतं.

जागा आहे, पण वाचता येईल का?

इथे खरी अडचण सुरू होते. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करायचे. त्या फाइलमध्ये एका चिन्हाला साधारण एकच बाइट लागायचा. त्या हिशोबाने एका सीडीत हजारावर ज्ञानेश्वऱ्या बसतील. पण तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फक्त ओळखू येत नाही. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणता येतो. त्यानंतर एकदा मूळ प्रतीशी ताडून बघावा लागतो, कारण जोडाक्षरं आणि रफार इथे चुका राहतात.

दुसरी अडचण डिस्कची. घरी 'राइट' केलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते. ऊन, उष्णता आणि दमट हवेने तो थर खराब होतो. नव्या लॅपटॉपला तर सीडी घालायची जागाच नसते.

त्यामुळे घरात, शाळेत किंवा देवस्थानात जुन्या सीड्या असतील, तर चालणारा ड्राइव्ह मिळतोय तोवर त्या कॉपी करून घ्या. जुन्या फॉन्टमधल्या फाइल युनिकोडमध्ये आणा. हस्तलिखित असेल तर फोटोही ठेवा आणि टाइप केलेला मजकूरही. फोटोत हस्ताक्षर, खाडाखोड, समासातल्या नोंदी टिकतात. मजकुरात हवा तो शब्द शोधता येतो. अख्ख्या ज्ञानेश्वरीचा मजकूर मोबाइलवरच्या एखाद-दुसऱ्या फोटोएवढ्या जागेत बसतो. तेव्हा दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवायला जागेची सबब चालणार नाही.