मेहंदीची वाटी आणि मदतीचा डबा

रमजान ईद जवळ आली की नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत मेहंदीचे पुडे हातोहात खपतात. मुलींना हातावर नक्षी हवी असते, अम्मी-खालांना पिकल्या केसांची काळजी असते. आदल्या रात्री मेहंदी भिजवायची, सकाळी घरकाम उरकून सासू-सून, जावा-नणंदा एकमेकींच्या डोक्याला लावत बसायचे, हे आपल्या घरांना नवीन नाही. या वर्षी त्या मेहंदीत एक नेक नियत मिसळून पाहू या.

ऑस्ट्रेलियात 1998 पासून रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी दरवर्षी एक मोहीम चालते. लोक डोके मुंडवतात किंवा केस रंगवतात आणि त्या निमित्ताने ओळखीच्यांकडून मदत गोळा करतात. किमोथेरपीत रुग्णाचे केस जातात, म्हणून हे निमित्त निवडले. आपल्याला भडक रंगांची किंवा मुंडणाची गरज नाही. पण एका बहिणीचे केस औषधाने गळत असताना दुसरीने स्वतःचे केस रंगवताना तिची आठवण ठेवावी, ही गोष्ट आपल्या मनाला पटण्यासारखी आहे.

अशी बहीण आपल्या मोहल्ल्यातही असते. कर्करोगाचे निदान झाले की नांदेड-लातूरची किती तरी कुटुंबे मुंबईच्या परळला, टाटा रुग्णालयाकडे निघतात. शस्त्रक्रिया आणि औषधांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारखा आधार मिळू शकतो. पण सोबत गेलेल्या माणसाचे राहणे-खाणे, त्याचा बुडालेला रोज, मागे राहिलेल्या मुलांचा किराणा, हा खर्च घरालाच सोसावा लागतो. आपल्या डब्यातली रक्कम लहान असली तरी इथे ती उपयोगी पडते.

केस रंगवणे आणि शरीअत

पिकलेले केस रंगवण्याची मुभाच नव्हे तर शिकवणही हदीसमध्ये आहे. मक्का विजयाच्या वेळी ह. अबू बक्र (रजि.) यांचे वृद्ध वडील ह. अबू कुहाफा (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आणले गेले. त्यांचे केस आणि दाढी अगदी पांढरीशुभ्र झाली होती. तो रंग बदलावा, मात्र काळा रंग टाळावा, असे प्रेषितांनी सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. पांढरे केस बदलण्यासाठी मेहंदी आणि कतम ही वनस्पती उत्तम असल्याचेही हदीसमध्ये आढळते. तेव्हा या कामात अब्बा आणि दादाजींनाही सामील करून घेता येईल.

काळ्या मेहंदीपासून सावध

मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते केसातल्या केराटिनला चिकटते. पहिल्या दिवशी रंग नारिंगी दिसतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. नुसत्या मेहंदीने केस काळेभोर होत नाहीत. म्हणून अर्ध्या तासात काळे करणारी ‘काळी मेहंदी’ दिसली की पुड्यावरचा मजकूर वाचा. त्यात अनेकदा पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याने खाज, फोड येतात, डोळे आणि चेहरा सुजतो. चुकून पोटात गेले तर घशाला सूज येऊन श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असा पुडा घरात असेलच तर मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. नेकीच्या कामात कोणाला इजा होऊ नये, ही पहिली अट.

कसे कराल?

दोन दिवस आधी थोडी मेहंदी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा. 48 तासांत खाज किंवा लाली आली नाही तरच डोक्याला लावा. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण 100 ग्रॅम पूड लागते. ती चाळून चहाच्या कोमट पाण्यात दह्याइतकी घट्ट कालवा, थोडे लिंबू पिळा आणि झाकून ठेवा. थंडीत रात्रभर ठेवावी, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार तास पुरतात. कपाळाच्या कडेला आणि कानांना तेल लावा, हातमोजे घाला, खांद्यावर जुनी ओढणी घ्या. दोन-तीन तासांनी साध्या पाण्याने धुवा, शाम्पू दुसऱ्या दिवशी करा.

वुजूच्या वेळेचे भान ठेवा. मेहंदीचा रंग पाण्याला अडवत नाही, पण तिचा लेप अडवतो, म्हणून नमाजच्या वेळा पाहूनच लावायला बसा. तान्ह्या बाळांना मेहंदी लावू नका. जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांचे रक्त तिने धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. इद्दतमधल्या विधवा बहिणीला रंग लावण्याचा आग्रह नको. किमो चालू असलेल्या बहिणीलाही रंग लावू नये. तिला फक्त गप्पांना बोलवा. एखादे वेळी मदतीपेक्षा तिला त्याचीच जास्त गरज असते.

पैसा ही अमानत

डबा ठेवताना रक्कम कशासाठी आहे, ते आधी सांगा. समजा वीस जणींनी प्रत्येकी 100 रुपये टाकले, तर 2,000 जमले. मेहंदी आणि हातमोज्यांचा खर्च 600 झाला, तर मदतीला 1,400 उरले. त्याऐवजी सामान दोघी-तिघींनी आपापल्या घरून आणले तर पूर्ण 2,000 गरजूपर्यंत पोहोचतील. डबा दोघींनी मिळून उघडावा, वहीत लिहावे आणि हिशोब सर्वांना ऐकवावा. कोणी जकात दिली तर ती वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यातून सामानाचा खर्च भागवू नका. जकात हकदाराच्याच हाती गेली पाहिजे.

आणि एक विनंती. मदत कोणाला दिली, हे वहीबाहेर जाऊ देऊ नका. ना फोटो, ना मोहल्ल्यात चर्चा. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, असा गुप्त सदका हदीसमध्ये वाखाणला आहे. डब्यात कोणी दहा रुपये टाकले, कोणी पाचशे, हेही मोजून बोलू नका.

मेहंदीचा रंग काही आठवड्यांत फिका होईल. पण परळच्या फुटपाथवर बसलेल्या एखाद्या नवऱ्याला त्या दिवशी जेवणाची चिंता पडली नाही, तर त्याची दुआ आपल्या घरापर्यंत येईल. येत्या ईदला मेहंदी भिजवाल तेव्हा वाटीशेजारी एक रिकामा डबाही ठेवा.