विश्लेषण : निवृत्त जवानाच्या मनाचे दुखणे कुणाच्या खात्यात?

सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार जण निवृत्त होतात. त्यात मोठी संख्या पस्तिशी ते पंचेचाळिशीतल्या जवानांची. मुले शाळेत, घराचे हप्ते चालू आणि दुसरी नोकरी शोधायची. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत अशा जवानाची वाजतगाजत मिरवणूक निघते, सत्कार होतो. पुढे कधी रात्रीची झोप उडते, फटाक्याच्या आवाजाने दचकायला होते, चिडचिड आणि दारू वाढते. घरचे म्हणतात, ‘मिलिटरीत राहून तापट झालाय.’ हा आजार असू शकतो, हे कुणी सांगत नाही.

सेवेत असतानाच हे का कळत नाही?

लष्करात जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांच्या पद्धतीने ठरते. त्यातले पहिलेच अक्षर, ‘एस’, मानसिक स्थितीचे. म्हणजे मनाची नोंद कागदावर आहेच. अडचण अशी की श्रेणी घसरली की बढती आणि नेमणुकीवर परिणाम होतो. मग गुडघा दुखतो हे जवान सांगतो, झोप येत नाही हे सांगत नाही. न सांगितलेले दुखणे निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीतही नोंदले जात नाही.

निवृत्तीनंतर काय सोय आहे?

माजी सैनिकांसाठी २००३ पासून ‘ईसीएचएस’ ही आरोग्य योजना आहे. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग लष्करी किंवा पॅनेलवरचे रुग्णालय, असा तिचा मार्ग. हाडाच्या किंवा हृदयाच्या दुखण्याला तो चालतो. मनाच्या दुखण्यात मात्र ‘मला काहीतरी झाले आहे’ हे रुग्णाने स्वतःच आधी ओळखायचे, मग पॉलिक्लिनिकच्या रांगेत, ओळखीच्या माणसांसमोर ते बोलायचे. बहुतेकांची गाडी इथेच अडते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकाच दर्जा दिला आहे. रांगेतला संकोच कायद्याने जात नाही.

त्यामुळे फोनवरची मदत महत्त्वाची. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यातील सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात ‘टेलिमानस’चा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. पाऊल योग्य आहे. मात्र फोन करायलाही आधी दुखणे ओळखावे लागते. पॉलिक्लिनिकमध्ये ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ बसवणे, निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने स्वतःहून फोन करून चौकशी करणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पत्नीशीही बोलणे, यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. बदल आधी बायकोच्याच लक्षात येतो.

अमेरिकेत काय घडले?

व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आवाज उठवल्यावर १९७९ मध्ये तिथे वस्त्यांमध्ये समुपदेशन केंद्रे सुरू झाली. १९८० मध्ये ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार, अधिकृत आजारांच्या यादीत आला. एवढे करूनही २०२२ मध्ये तिथे ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. हा आकडा सरकारच दरवर्षी जाहीर करते. आपल्याकडे निवृत्त जवानांबाबत असा वार्षिक अहवाल निघत नाही, त्यामुळे प्रश्न किती मोठा यावरच वाद होतो.

अग्निवीरांचे काय?

२०२२ च्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होत आहेत. जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील, बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी परततील. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही आणि ‘ईसीएचएस’चे कार्डही नाही. सीमेवर तैनात राहून आलेल्या या तरुणांची झोप उडाली, तर त्यांच्या हाती उरतो तो सर्वसामान्यांसाठीचा ‘टेलिमानस’चा क्रमांक, १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.