लॅपटॉपची झोप आणि कर्नलची धावपळ

झाकण मिटलं, स्क्रीन काळी झाली, की आपण लॅपटॉप बॅगेत टाकून मोकळे होतो. आत मात्र तेव्हा कुठे गडबड सुरू झालेली असते. लिनक्समध्ये ती नीट बघता येते, कारण त्याचा कर्नल, म्हणजे प्रोग्रॅम आणि यंत्रसामग्री यांच्यामध्ये बसलेला गाभा, कुणालाही उघडून वाचता येतो.

सगळ्यात आधी चालू प्रोग्रॅम जिथल्या तिथे गोठवले जातात. एखादा अडून बसला, समजा बंद पडलेल्या नेटवर्क डिस्कची वाट बघत राहिला, तर कर्नल साधारण २० सेकंद थांबतो आणि झोपेचा बेतच रद्द करतो. मग उपकरणांची पाळी. माउस जोडलेला यूएसबी कंट्रोलरला, कंट्रोलर पीसीआय बसला, म्हणजे यंत्रातल्या जोडवाटेला. म्हणून आधी माउस, मग कंट्रोलर, मग बस. उठवताना याच्या बरोबर उलट. घराला कुलूप लावल्यावर गॅस बंद करायला कुणी जात नाही, तशातलाच हा क्रम. पण कोण कुणावर अवलंबून आहे हे जोडणीवरून दरवेळी कळत नाही. एचडीएमआयचा आवाज सांभाळणारा भाग ग्राफिक्स चिपच्या शेजारी स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतो, वीज मात्र त्या चिपच्याच भरवशावर. असली आडवी नाती नोंदवायची सोय लिनक्सच्या ४.१० आवृत्तीत, २०१७ साली आली.

प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे एकेक उपकरण सांभाळणाऱ्या कोडला, झोपेची सूचना एकदा देऊन भागत नाही. ती चार टप्प्यांत जाते. शेवटचा टप्पा सुरू होण्याआधी उपकरणांचे इंटरप्ट, म्हणजे ‘माझ्याकडे बघा’ अशी त्यांची हाक, बंद केले जातात. कारण असं: कधी कधी नेटवर्क कार्ड आणि यूएसबी कंट्रोलर इंटरप्टची एकच तार वापरतात. कार्डाची वीज गेलेली आहे आणि तेवढ्यात कंट्रोलरने हाक दिली, तर हाक कुणाची हे कर्नलला कळत नाही. तो दोन्ही ड्रायव्हरना विचारतो. कार्डाचा ड्रायव्हर भाबडेपणाने कार्डाचं रजिस्टर, म्हणजे त्याच्या स्थितीची नोंद, वाचायला जातो. वीज नसलेल्या पीसीआय कार्डाकडून उत्तर येतं ते सगळे बिट १. ड्रायव्हरला वाटतं, घडण्यासारखं सगळं एकदम घडलं! मग तो काय करेल याचा नेम नाही. म्हणून आधी हाका बंद, मगच वीज बंद.

यानंतर एक सोडून प्रोसेसरचे बाकी गाभे थांबतात, मेमरी स्वतःला जेमतेम जिवंत ठेवण्यापुरती वीज घेते आणि सूत्रं फर्मवेअरकडे, म्हणजे मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरकडे, जातात.

झोपवणं त्यामानाने सोपं. खरा घोळ उठताना होतो. स्क्रीन काळीच राहिली तर दोष कुणाचा? स्क्रीन उठलेली नाही, म्हणजे संदेश दाखवता येत नाही. डिस्क उठलेली नाही, म्हणजे नोंद लिहिता येत नाही. बटण दाबून यंत्र बंद करावं, तर मेमरीतलं सगळं पुसलं जातं. २००६ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर जो तोडगा काढला तो इरसाल आहे. अशा बंद-चालूतून खात्रीने टिकून राहतं ते मदरबोर्डावरच्या छोट्या बॅटरीवर चालणारं घड्याळ. मग पुरावा घड्याळाच्या वेळेतच दडवायचा! वर्षाच्या दोन अंकांचे १०० पर्याय, महिने १२, दिवस २८ (फेब्रुवारीची अडचण नको), तास २४ आणि मिनिटांचे तीन-तीनचे २० गट. गुणाकार १ कोटी ६१ लाख २८ हजार. उठवताना प्रत्येक टप्प्यावर कर्नल तेव्हा उठत असलेल्या उपकरणाच्या नावाचा एक सांकेतिक आकडा तारीख-वेळ म्हणून घड्याळात भरत जातो. यंत्र गोठलं की तीन मिनिटांच्या आत ते बंद करून पुन्हा चालू करायचं, नाहीतर घड्याळ पुढे सरकून आकडा बिघडतो. नव्याने सुरू झालेला कर्नल ती वेळ वाचतो आणि कोणत्या उपकरणाशी जुळते ते सांगतो. तारीख भलतीच होऊन बसते, ती नंतर दुरुस्त करायची. हा प्रकार किती भयंकर आहे याची कबुली कोडमधल्या टिपणीतच दिलेली आहे.

अलीकडे झोपेची रीतच बदलली. बऱ्याच नव्या लॅपटॉपमधून मेमरीपुरतीच वीज ठेवणारी जुनी झोप काढून टाकली गेली. त्याजागी फोनसारखी हलकी झोप आली. विंडोजने तिला २०१२ मध्ये, आठव्या आवृत्तीपासून जवळ केलं. यात फर्मवेअर सूत्रं हाती घेत नाही. प्रोसेसर रिकामा बसतो आणि सगळी उपकरणं विजेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उतरली, तरच प्रोसेसरची चिप खोल झोपेत शिरते. एखाद्या एसएसडीच्या किंवा कार्ड-रीडरच्या ड्रायव्हरने हलगर्जीपणा केला, की सबंध चिप जागी. स्क्रीन काळी, पण बॅगेत लॅपटॉप तापतोय आणि सकाळी बॅटरी शून्य. यंत्र चालू असतानाही रिकामं उपकरण आपापलं झोपवण्याची यंत्रणा कर्नल-विकासक रफाऊ विसोत्स्की यांच्या प्रयत्नांतून २००९ च्या डिसेंबरात लिनक्समध्ये आली होती. तिचा पाया होता म्हणून ही नवी झोप निभावली, असं मला वाटतं. तरीही माझं मत जुन्या झोपेच्याच बाजूचं. फोनचे सगळे भाग एकाच कंपनीच्या नजरेखाली जुळवलेले असतात. लॅपटॉपमध्ये दहा कंपन्यांचे सुटे भाग आणि दहा जणांनी लिहिलेले ड्रायव्हर. त्या सगळ्यांनी शिस्त पाळली तरच झोप लागणार, ही अट फार झाली.

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर कर्नलच्या पॉवर विभागातली ‘मेम-स्लीप’ नावाची फाइल उघडून बघा. तिच्यात ‘डीप’ हा शब्द दिसला तर जुनी झोप अजून शाबूत आहे, ती निवडा. दिसला नाही आणि लांबच्या प्रवासाला निघणार असाल, तर झाकण मिटण्यावर न थांबता लॅपटॉप सरळ शट डाउन करा.