काकडीचा कडूपणा कारल्याच्या माथी

परसबागेतली काकडी कडू निघाली की पहिला ठपका शेजारच्या कारल्यावर येतो. दोन्ही वेल एकाच मांडवावर चढले, मधमाश्यांनी पराग इकडचे तिकडे केले, मग काकडी कडू होणारच, असा हिशेब. पण कूळ एक असले तरी काकडीत १४ गुणसूत्रे आणि कारल्यात २२. या दोघांचा संकर होत नाही. समजा पराग दुसऱ्या एखाद्या कडू काकडीचा आला, तरीही यंदाच्या फळाला त्याचा संसर्ग नाही. साल आणि गर आईवेलीचेच असतात; परक्या परागाची खूण फक्त बियांत उतरते. म्हणूनच ‘घरचे बी धरले आणि पुढच्या वर्षी सगळ्या काकड्या कडू निघाल्या’ ही तक्रार मात्र खरी असू शकते.

मग यंदाचा कडूपणा आला कुठून? वेलातूनच. कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये काकडीचा वेल पानांत, देठांत तयार करतो. किडींपासूनचा तो बचाव असतो. ऊन आणि पाण्याचा ताण पडला की ती फळातही वाढतात. मिरजेत हा ताण पडायला वेळ लागत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो, काळी माती वाळून भेगाळते, त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात. मग घाबरून बादल्याच्या बादल्या पाणी ओतले जाते. पाणीच कमी पडत असेल तर ते भरपूर द्यावे, हे ऐकायला बरोबर वाटते. पण काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो आणि हवेविना मुळ्या कुजतात. जास्तीच्या पाण्याने जमिनीचे काय होते, हे कृष्णाकाठच्या क्षारपड रानांत दिसतेच. हवा असतो तो वाफसा: माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. बुडाशी उसाचे पाचट अंथरले की तो बराच टिकतो, आणि आपल्या भागात पाचटाला तोटा नाही.

एवढे करूनही एखादा वेल कडू निघतोच, कारण कडूपणा काही अंशी वाणाच्या रक्तात असतो. आणि टोक कापून घासण्याचा विधी? कडू द्रव्ये देठाकडे आणि सालीखाली जास्त असतात. त्यामुळे फरक पडतो तो कापून टाकलेल्या तुकड्याने. फेस काढणे ही हौस. लोणच्याच्या मिठाव्हिनेगरानेही कडूपणा जात नाही, तेव्हा बरणी भरण्याआधी प्रत्येक काकडी चाखावी. दुधी कडू लागला तर मात्र घासाघीस, साखर, लिंबू काही न करता सरळ फेकावा. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन माणसे दगावली आहेत.